असभ्य भाषेत बोलला

“तो म्हनला, लुगडं वर कर, मग साखर मोजतो.”

पारू खिलारे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहून हे एका दमात बोलली आणि कोर्टात चिडीचूप झालं. पंखा तेवढा खडखडत होता. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मॅजिस्ट्रेट उपळेकर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत डोळ्यांवर चढवला. त्यांचे कान लालभडक झाले होते.

मी त्यांच्या खाली, डाव्या हाताला, टाइपरायटरपुढे बसले होते. मी त्या कोर्टाची स्टेनो. सगळे मला निमकर बाई म्हणत. अठरा वर्षं नोकरी झाली होती आणि माझ्या टायपिंगमध्ये खाडाखोड दाखवा, मी राजीनामा देते, असं मी बार रूममध्ये जाऊन सांगत असे. तेवढा तोरा होता मला.

ज्यांनी कोर्टाची पायरी चढलेली नाही त्यांना वाटतं, साक्षीदार बोलतो ते जसंच्या तसं लिहिलं जातं. छे हो! साक्षीदार बोलतो, साहेब ऐकतात, मनातल्या मनात त्याचं वाक्य धुऊन-पुसून घेतात आणि मला सांगतात. मी ते टाइप करते. वकिलांनी काय विचारलं, कोणत्या आवाजात विचारलं, ते कागदावर येतच नाही. येतं फक्त उत्तर, आणि तेही साक्षीदार स्वतःहून बोलत सुटला आहे अशा थाटात. बाई पिंजऱ्यात हमसून हमसून रडली असेल, तरी कागदावर ती शाळेतल्या निबंधासारखी बोलते.

तर उपळेकर साहेब सांगू लागले, “दुकानात माझा क्रमांक आला तेव्हा आरोपी मला म्हणाला की...” आणि अडकले. उपळेकर साहेब म्हणजे अतिशय सभ्य माणूस. पाकीटमारालासुद्धा ‘आपण’ म्हणायचे. शिपायाकडे पाणी मागतानाही ‘कृपया’. त्यांच्या तोंडून ते वाक्य कुठून निघणार? ते माझ्याकडे बघायला लागले. असं झालं की ते नेहमीच माझ्याकडे बघायचे, त्यांच्या आधीचे साहेबही बघायचे.

“‘आरोपी माझ्याशी असभ्य भाषेत बोलला’ असं घेऊ का, साहेब?” मी हळूच विचारलं.

“हं, हं. तसंच घ्या.” साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

मी टाइप केलं. एकही खाडाखोड नाही.

पारू साधारण तिशीची असेल. स्वच्छ धुतलेलं, विटलेलं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर सहा-सहा महिने बाहेर. तिच्या गावात रेशनचं दुकान एकच आणि ते धोंडीराम शेटेचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साखरेसाठी रांग लागली होती. पारूचा नंबर आल्यावर शेटेनं भरल्या रांगेत तिला ते वाक्य ऐकवलं. रांगेतल्या अकरा बायकांनी ते ऐकलं होतं आणि साक्षीला एक आली नाही. सगळ्यांना पुढच्या महिन्यात त्याच्याच तराजूपुढे उभं राहायचं होतं ना! म्हणजे पुरावा काय, तर एकट्या पारूचं तोंड.

आणि बाईला लाज वाटेल असं बोलण्याच्या या कलमात गुन्हा म्हणजे दुसरं काही नसतं. मारहाण नाही, जखम नाही. तो काय बोलला, तेच. ते शब्द कागदावर आले तर गुन्हा, नाही आले तर माणूस मोकळा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हाताला वळण पडलेलं असतं. घाणेरडं काही आलं की ‘असभ्य भाषेत’, आणखी घाणेरडं आलं की ‘अर्वाच्य भाषेत’. माझी डोक्यात ठरलेली यादीच होती.

सरकारी वकील मुळे यांना जेवायच्या सुट्टीची घाई होती. त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारले आणि खाली बसले. आरोपीचे वकील खर्डेकर उलटतपासाला उठले.

खर्डेकरांचं बोलणं ऐकून मला आधीपासूनच संताप यायचा. खोटं कशाला बोलू? आवाज मऊ, हात जोडलेले, प्रत्येक वाक्याला ‘ताई’. ह्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला अरे-तुरे केलं नसेल आणि कुणाची अब्रू शिल्लकही ठेवली नसेल.

“ताई, उभं राहून त्रास होत असेल तर खुर्ची मागवू?”

“नगं. विचारा.”

“ताई, रागवायचं नाही हं. विचारणं माझं काम आहे. आपले मालक वर्षातले सहा महिने बाहेर असतात?”

“असत्यात. कारखान्याला.”

“म्हणजे सहा महिने आपण एकट्या.” खर्डेकर गोड हसले. “दुकानात जाताना आपण नटूनथटून जात होतात, असं गावात म्हणतात. खरं का, ताई?”

“कोन म्हनतंय त्याला आना हितं.”

“रागवू नका, ताई. शेटेसाहेब आपल्याला रांगेशिवाय रॉकेल द्यायचे, ते बंद केलं म्हणून आपण चिडलात का?”

“त्यानं मला कधी रांगंबिगर थेंब दिला न्हाई! खोटं बोलतायसा तुमी!”

“बाई, आवाज खाली,” उपळेकर साहेब म्हणाले. “वकील आपल्याशी नीट बोलत आहेत. आपणही नीट बोला.”

नीट बोलत आहेत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण माझं काम टाइप करायचं. मी टाइप केलं: ‘माझे पती वर्षातील सहा महिने बाहेरगावी असतात. मी रागातून तक्रार केली हे म्हणणे खरे नाही.’ बघा, किती छान झालं. नटूनथटून नाही, गोड हसू नाही, ताई नाही.

मग खर्डेकरांनी खिशातून पेन काढलं, उगाच त्याचं टोपण उघडलं, बंद केलं. ते आता मुद्द्यावर येणार, हे मी ओळखलं.

“ताई, पोलिसांत दिलेल्या फिर्यादीत आपण म्हटलंय, ‘अश्लील भाषेत बोलला.’ आज साहेबांसमोर म्हटलंय, ‘असभ्य भाषेत बोलला.’ पण नेमकं काय बोलला, ते फिर्यादीत नाही आणि आजच्या साक्षीतही नाही. बरोबर?”

पारू गोंधळली. तिनं साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आत्ता तर सांगितलं की!”

“कुठे, ताई? कागदावर तर नाही.”

“मी सांगितलं. ह्या समद्यांनी ऐकलं. हवालदारालाबी सांगितलं हुतं. त्यो म्हनला, असलं लिवत न्हाईत.”

“ठीक आहे, ताई. मग आता सांगा. फक्त जरा सभ्य भाषेत सांगा. कोर्ट आहे.”

“सभ्य भाषेत कसं सांगू? त्यो काय सभ्य भाषेत बोलला व्हता का?” पारूनं कठड्यावर हात आपटला. “लुगडं वर कर म्हनला त्यो मला! लुगडं वर कर, मग साखर मोजतो!”

मागच्या बाकावर परत हशा. या वेळी मोठा. आरोपी धोंडीराम शेटे पांढऱ्या शर्टात हात मागं बांधून उभा होता, तोही मिशीत हसत होता. मी बघितलं ना!

उपळेकर साहेबांनी टेबलावर हातानं थाप मारली. “बाई! हे न्यायालय आहे, बाजार नाही. इथे अशी भाषा चालणार नाही. पुन्हा असे शब्द आले तर मला आपल्यावर कारवाई करावी लागेल.”

“मग मी बोलू का नगं?” पारूचा आवाज चिरकला. “बोलले तर मीच वंगाळ, न्हाई बोलले तर मी खोटी! माझी पोरगी सातवीत हाय. शाळंत जाताना पोरं तिला म्हनत्यात, तुझ्या आईची साखर मोजली का. समदं गाव बोलतंय ते. हितंच तेवढं बोलायचं न्हाई?”

मुळे वकील फाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते. अहो, उठा ना, सरकार तुम्हाला पगार कशाचा देतं!

खर्डेकर अगदी हळुवारपणे म्हणाले, “साहेब, साक्षीदार भावनिक झाल्या आहेत. त्यांना आणखी त्रास नको. ‘आरोपी नेमका काय बोलला हे मी सांगू शकत नाही,’ एवढं घेतलं तर माझा उलटतपास संपला.”

उपळेकर साहेबांनी घाम पुसला. त्यांना हे सगळं एकदाचं संपायला हवं होतं. त्यात लबाडी नव्हती, शपथेवर सांगते. नुसता संकोच. “घ्या,” ते मला म्हणाले. “आरोपी नेमका काय बोलला हे मी सांगू शकत नाही.”

माझी बोटं थांबली.

“निमकर बाई? घेताय ना?”

आणि मी घेतलं. आजही सांगताना लाज वाटते. ज्या बाईनं तीनशे माणसांच्या गावात दोन वर्षं ते वाक्य झेललं, कोर्टात दोनदा गळा फाडून सांगितलं, तिच्या तोंडी मी माझ्या हातांनी घातलं की मी सांगू शकत नाही. कागद ओढून काढला आणि शिपायाकडे दिला.

साक्षीचा कागद झाला की साक्षीदाराची सही किंवा अंगठा घेतात. कागदाच्या तळाशी छापलेलं असतं, ‘वाचून दाखविले, बरोबर आहे.’ कायदा तसा आहे. पण वाचून कोण दाखवतो? दिवसाला तीस-तीस प्रकरणं. शिपाई शाईचा पॅड घेऊन जातो, अंगठा उमटवून आणतो, झालं. अठरा वर्षांत मी एकही साक्ष वाचून दाखवली नव्हती आणि कुणी मला त्याबद्दल विचारलंही नव्हतं.

लाडे शिपाई पॅड घेऊन पिंजऱ्याशी गेला. “दे अंगठा.”

“काय लिवलंय त्यात?”

“तू अंगठा दे गं. लई काम पडलंय.”

पारूनं हात मागं घेतला नाही, पण पुढंही केला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मघाशी मदतीसाठी पाहिलं होतं तसं नाही. मी त्या कागदाची मालकीण आहे आणि मीच काहीतरी केलं आहे, असं तिला कळल्यासारखं. आणि ते खरंच होतं.

“थांबा, लाडे,” मी म्हणाले. “आणा तो कागद इकडे. मी वाचून दाखवते.”

लाडे बघतच राहिला. साहेबांनी पुढची फाइल उघडली होती, ती तशीच हातात राहिली. मी उठून पिंजऱ्याशी गेले आणि मोठ्या आवाजात, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं वाचलं. नाव, गाव, वय, धंदा मजुरी. दिवाळी, रांग, क्रमांक. ‘आरोपी माझ्याशी असभ्य भाषेत बोलला.’ आणि शेवटी, ‘आरोपी नेमका काय बोलला हे मी सांगू शकत नाही.’

“हे मी बोलले न्हाई,” पारू म्हणाली. तिचा आवाज आता शांत होता. “मी अंगठा देनार न्हाई.”

“निमकर बाई, काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, साक्षीदार म्हणतात मी असं बोलले नाही. आणि त्यांचं खरं आहे. त्या असं बोलल्या नाहीत.”

“मग काय बोलल्या?”

त्यांनी हे सवयीनं विचारलं. तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

माझं वय तेव्हा एक्केचाळीस. घरी सासूबाईंसमोर मी ‘मूर्ख’ म्हणायलाही बिचकायची. मी साहेबांकडे तोंड केलं आणि म्हणाले, “त्या म्हणाल्या, साहेब, की आरोपी त्यांना म्हणाला, ‘लुगडं वर कर, मग साखर मोजतो.’”

या वेळी कुणी हसलं नाही. पारू बोलते तेव्हा हसायचं असतं, निमकर बाई बोलते तेव्हा नाही. मेले! मला तर त्या सगळ्या बाकांवर टाइपरायटर उचलून फेकावासा वाटला.

“युवर ऑनर!” खर्डेकरांचा मऊ आवाज पहिल्यांदा चढला. “कोर्टाच्या कर्मचाऱ्यानं भर कोर्टात असली भाषा... हा काय प्रकार आहे? कोर्टाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे.”

“वकीलसाहेब,” मी म्हणाले, “ही बाई दोन वर्षं ऐकतेय. तुम्हाला दोन मिनिटं ऐकवेना?”

“निमकर बाई, जागेवर बसा.” साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी जागेवर जाऊन बसले. नवीन कागद चढवला, सरळ केला. नोकरी गेली, असंच मी मनात धरून चालले होते. साहेब माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

“करा मग दुरुस्ती,” ते शेवटी पुटपुटले. “साक्षीदार जे बोलली ते टाइप करा.”

“आपण सांगा, साहेब. आपण सांगितल्याशिवाय मी साक्षीत एक अक्षर घालू शकत नाही. नियम आहे.”

नियम होताच. पण खरं सांगते, मी तो त्यांच्या नरड्याला लावला होता. मघाशी मी शब्द पुरवला होता ना? आता मी पुरवणार नव्हते. साहेबांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मी टाइपरायटरकडे बघत राहिले.

मग उपळेकर साहेबांनी घसा खाकरला.

“माझा क्रमांक आला तेव्हा,” ते म्हणाले, “आरोपी मला म्हणाला की... लुगडं...” ते थांबले. पाण्याचा पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. “लुगडं वर कर. मग साखर मोजतो.”

त्या खुर्चीतून, काळ्या कोटातून, त्या मऊ पांढरपेशा आवाजातून ते वाक्य आलं आणि ते एवढं किळसवाणं आहे हे त्या खोलीला तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं. धोंडीराम शेटेनं मान खाली घातली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा उठून बाहेर निघून गेला.

मी टाइप केलं, एकेक अक्षर. जुन्या कागदावरच्या ‘सांगू शकत नाही’ वर साहेबांनी स्वतः रेघ मारून सही केली. पारूनं सगळं परत माझ्याकडून वाचून घेतलं, मगच अंगठा दिला. पिंजऱ्यातून उतरताना ती माझ्या टेबलाशी थांबली.

“बाई, मी बोलले की ती घान माझ्याच तोंडाला लागायची,” ती म्हणाली. “आज त्याच्या तोंडाला लागली.”

शेटेला शिक्षा झाली. फार नाही, एक महिना. पण दुकानाचा परवाना गेला, आणि पारूला त्याच्या तराजूपुढे परत कधी उभं राहावं लागलं नाही. मला वरून एक ताकीद आली, तीही मी जपून ठेवली नाही. उपळेकर साहेब बदली होईपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलले. फक्त निकालाच्या दिवशी मी चेंबरमध्ये सहीचे कागद घेऊन गेले, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, “निमकर बाई, याआधी असे किती झाले असतील?”

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी डबा टेबलावर तसाच ठेवला आणि रेकॉर्ड रूममध्ये गेले. मला शेवंता बनसोडे नावाची एक बाई आठवत होती. आठ-नऊ वर्षांपूर्वीची. रस्त्याच्या कामावरच्या मुकादमाविरुद्ध आली होती. मुकादम सुटला. तासाभरानं तिची फाइल सापडली. दोऱ्या सोडल्या. निकालात लिहिलं होतं, आरोपीने उच्चारलेले नेमके शब्द पुराव्यात आलेले नाहीत. साक्षीचं पान काढलं. माझंच टायपिंग. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. ‘आरोपी माझ्याशी असभ्य भाषेत बोलला.’ तेव्हा साहेब दुसरे होते, शब्द माझाच होता.

शेवंताच्या हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात. बोलता बोलता तिनं तोंडाला पदर लावला होता, तेही आठवतं. ती बराच वेळ बोलली होती. मी तिथंच जमिनीवर बसून खूप आठवून बघितलं, नंतरही कितीदा बघितलं, आज पंचवीस वर्षं झाली. ती काय म्हणाली होती ते मला आठवत नाही, आणि ते दुसरं कुठंच लिहिलेलं नाही.